दोन शेड उजळ

गेल्या दिवाळीनंतर घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला आणि बायोडाटासाठी मी तेलगावच्या चौकात फोटो काढून आले. फोटोवाल्या पोरानं न विचारताच मला दोन शेड उजळ केलं. गालावरचे मुरमांचे डाग गेले, नाक सरळ झालं. मी म्हणलं, “दादा, ही मी नाही.” तो म्हणाला, “ताई, सगळेच करतात. निदान बघायला तरी येतील.”

आले. पोहे खाल्ले. चार दिवसांनी निरोप आला, फोटोत आणि मुलीत फरक आहे.

त्या पोरावर माझा राग नाही. आपल्या मालिका, सिनेमे आणि गेम रोज जे करतात, तेच त्यानं केलं. माझा राग त्यांच्यावर आहे.

२०१९ मध्ये स्टार प्रवाहवर ‘रंग माझा वेगळा’ सुरू झाली. काळ्या रंगामुळे हिणवल्या जाणाऱ्या दीपाची गोष्ट. आमच्या घरात ती न चुकता लागायची. पण दीपाचं काम करणारी रेश्मा शिंदे मूळची गोरी. रोज काळा मेकअप लावून ती आमचं दुःख सांगायची आणि शूटिंग संपलं की ते धुऊन टाकायची. अभिनेत्रीचा यात दोष नाही, तिनं काम चोख केलं. पण सावळ्या मुलीवर अन्याय होतो हे सांगायला अख्ख्या महाराष्ट्रात एक सावळी मुलगी मिळू नये? अन्याय दाखवता दाखवता त्यांनी तोच केला. हिंदीतही तेच. त्याच वर्षी ‘बाला’त भूमी पेडणेकरला आणि ‘सुपर ३०’मध्ये हृतिक रोशनला काळं केलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “लोकांना देखणेच हिरो लागतात, आम्ही काय करणार?” हे खोटं आहे. दादा कोंडके कुठल्या मापानं देखणे होते? ढगळ चड्डी, लोंबणारी नाडी, आणि त्यांचे सलग नऊ सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालले. निळू फुल्यांनी ‘सामना’त साखरसम्राट उभा केला. आमच्यासारख्या कारखान्याच्या भागात तो कुणी विसरत नाही. पुढे १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये अख्खं राजकारण आपण त्यांच्याच दिगू टिपणीसच्या डोळ्यांनी बघितलं. लोकांनी कधीच नाही म्हणलं नव्हतं.

पण या चेहऱ्यांना काय काय करू दिलं, तेही बघा. हसवायचं किंवा बाईवर वाईट नजर ठेवायची. मराठवाड्याची बोली घेऊन मकरंद अनासपुरे आला तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला! पण आमची भाषा आणि आमचा चेहरा दिसला की लोक आधी हसायचे, मग ऐकायचे. आम्ही प्रेमात पडलो तरी तो विनोदच.

म्हणून ‘फँड्री’ मला अजून छळतो. जब्या तोंडाला पावडर फासतो, नाकाला चिमटा लावतो. शालूनं आपल्याकडे बघावं म्हणून काळ्या चिमणीच्या मागं रानोमाळ हिंडतो. ती भूमिका करणारा सोमनाथ अवघडे खराच तसा दिसणारा गावाकडचा पोरगा होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या सिनेमानं जब्याला गोरा केलं नाही, त्याचं मन किती सुंदर असलं कौतुकही केलं नाही. त्याच्या हातात दगड दिला आणि तो आपल्याकडे भिरकावला.

कारण ‘मन सुंदर असतं’ हीसुद्धा एक फसवणूक आहे. देखण्या हिरोला मन सुंदर ठेवायची सक्ती नसते. तो चिडतो, चुकतो, स्वार्थी वागतो, तरी आपला असतो. कुरूप माणसानं मात्र हिरो व्हायचं तर संतच व्हायला पाहिजे. नाहीतर ‘जस्सी जैसी कोई नहीं’सारखं शेवटी चष्मा काढून, दातांची तार काढून सुंदर तरी व्हायला पाहिजे. म्हणजे दंड भरा आणि आत या.

गेमचंही असंच. माझा भाऊ बीजीएमआय खेळतो. चेहरा निवडायला मिळतो, पण सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे. त्याच्या आधीची पोरं ‘जीटीए सॅन अँड्रियास’ खेळायची. २००४ चा गेम. त्यातला सीजे गरीब वस्तीतला काळा पोरगा. बर्गर खाऊन त्याला ढेरपोट्या करा नाहीतर जिममध्ये नेऊन पैलवान करा, गोष्ट त्याचीच राहते. आमच्या पोरांनी त्याला जीव लावला. तो देखणा आहे का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

कुणी म्हणेल, गोष्टी स्वप्न बघायलाच असतात, त्यात आरसा कशाला? पण स्वप्न बघायला मी माझा चेहरा बाहेर काढून ठेवायचा का? माझी आई बारा हंगाम कोयत्यावर गेली. पाचटानं चिरलेले हात आणि उन्हानं रापलेलं तोंड घेऊन तिनं आम्हाला शिकवलं. ज्याला पडद्यावर कुरूप म्हणतात, ते आमच्याकडे बऱ्याचदा नुसतं ऊन असतं. सहा-सहा महिने रानात काढलेलं ऊन.

तुमच्यातलं कुणी गोष्ट लिहीत असेल, शॉर्ट फिल्म करत असेल, पुण्यात बसून गेम बनवत असेल, तर एवढंच करा. माझ्यासारखी दिसणारी एक नायिका घ्या आणि तिच्या दिसण्याबद्दल शेवटपर्यंत एक शब्द बोलू नका. तिला चोरी पकडू द्या, निवडणूक लढू द्या, खोटं बोलू द्या, प्रेमात पडू द्या. तिची कीव नको आणि मेकओव्हरही नको.

मी बायोडाटाचा फोटो बदललाय. दुपारी दारात उभी राहून भावाच्या मोबाईलवर काढला, फिल्टर न लावता. आई म्हणाली, “आता कुणी येतंय का बघू.”

बघू.