चिकावर पहिला हक्क वासराचा

गाय विण्याचा काळ हा गोपालकाच्या वर्षभराच्या व्यवस्थेची कसोटी पाहणारा काळ होय. गाय सुमारे ९ महिने ९ दिवस आणि म्हैस सुमारे १० महिने १० दिवस गर्भ वाहते. एवढ्या अवधीत घातलेली वैरण, ढेप आणि केलेले श्रम पहिल्या काही तासांतील हयगयीने वाया जाऊ शकतात. या काही तासांत आपल्या खेड्यांतून पाळली जाणारी एक रूढी आता मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाईची वार पडेपर्यंत वासरास कासेला लागू न देणे, ही ती रूढी होय.

वार पडण्यापूर्वी वासरू प्याले तर वार अडकते, असा समज अनेक घरी आढळतो. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. वासरू सड चोखू लागले म्हणजे गाईच्या शरीरात जो स्राव सुटतो, त्याने पान्हा फुटतो आणि त्याच स्रावाने गर्भाशयही आकुंचन पावते. या आकुंचनाने वार सुटण्यास साहाय्यच होते. तेव्हा वार लवकर पडावी अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी वासरास दूर बांधण्याऐवजी कासेशी न्यावे.

रूढीचा खरा फटका बसतो तो वासराला. मनुष्याच्या बालकास रोगप्रतिकारक द्रव्ये जन्मापूर्वीच आईच्या रक्तातून मिळतात. गाईच्या वारेची रचना निराळी असल्याने वासरास ती मिळत नाहीत. ते रोगांशी झगडण्याची शिदोरी न घेताच जन्मास येते. ही शिदोरी चिकात असते. पण ती स्वीकारण्याचे वासराच्या आतड्याचे सामर्थ्य पहिल्या ६ तासांत सर्वांत अधिक असते, तासागणिक घटत जाते आणि २४ तासांनंतर जवळजवळ नाहीसे होते. वार पडण्यास ८ ते १२ तास लागणे ही सामान्य गोष्ट आहे. म्हणजे वारेची वाट पाहत बसणारा गोपालक वासराचा सर्वांत मोलाचा काळ दवडतो. पुढे हगवण लागून किंवा फुफ्फुसाचा दाह होऊन वासरू दगावले की दैवाला बोल लावला जातो. कारण मात्र पहिल्याच दिवशी गोठ्यात घडलेले असते.

वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतील आपली गवळाऊ गाय चपळ बैलांसाठी प्रसिद्ध आहे. दूध मात्र ती बेताचेच देते. अशा गाईचा पहिल्या दिवसाचा चीक वासराच्या गरजेपुरताच असतो. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक पहिल्या २४ तासांत त्याच्या पोटात जावा, असा साधा हिशेब आहे. २० किलो वजनाच्या वासरास २ लिटर लागतात. त्यांपैकी पहिला घोट जन्मानंतर तासाभरात आणि उरलेला दिवसभरात तीन-चार वेळा पाजावा. उभे राहण्याची शक्ती नसलेल्या वासरास चीक काढून कोमट असतानाच पाजावा.

खरवस आपल्या घरोघरी आवडीचा आहे आणि शहरात त्याला गिऱ्हाईकही आहे. त्यास माझा विरोध नाही. वासराचे पोट भरून उरलेला चीक, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा, घरी खावा, शेजारी वाटावा किंवा विकावा. परंतु पहिल्या दिवसाचा चीक विकून येणारे पैसे आणि तीन-चार वर्षांनी दुभती होणारी कालवड यांची तुलना शेतकऱ्याने स्वतःच करून पाहावी. आज बैलाचे काम ट्रॅक्टर करू लागल्यामुळे गोऱ्ह्याच्या वाट्याला तर अधिकच उपेक्षा येते. गोऱ्हा असो वा कालवड, चिकाच्या बाबतीत भेद करणे योग्य नाही.

याच्या जोडीला काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. विण्यापूर्वी २ महिने गाय आटवावी. विण्याची जागा कोरडी व स्वच्छ असावी. वैशाख-ज्येष्ठात नागपूरकडील उन्हापासून दाट सावली व मुबलक पाणी द्यावे आणि पावसाळ्यात चिखल होऊ देऊ नये. वासरू जन्मताच त्याच्या नाकातोंडातील चिकट स्राव पुसावा आणि गाईस ते चाटू द्यावे. नाळ पोटापासून दोन बोटांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून कापावी व टिंक्चर आयोडीन लावावे. नाळेवर शेण किंवा राख कधीही लावू नये. त्यातून धनुर्वाताचा धोका असतो. कळा सुरू होऊन २ तासांत प्रगती न दिसल्यास, किंवा १२ तासांत वार न पडल्यास पशुवैद्यास बोलवावे. वारेला दगड बांधणे अथवा ती ओढणे घातक आहे. त्यासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती अशी की, कृत्रिम रेतनाच्या तारखांवरून गावातील आठ महिन्यांच्या गाभण गाईंची यादी करावी आणि त्या घरी विण्यापूर्वीच जावे. वासरू दगावल्यानंतर केलेला उपदेश कोणाच्याही उपयोगाचा नसतो. गोठ्याचे काम बहुधा घरातील स्त्रिया पाहतात. म्हणून ही गोष्ट ओसरीवर पुरुषांना सांगून परत न फिरता त्या माउलींशीही बोलावे. वडिलधाऱ्यांच्या समजुतीची थट्टा करू नये. एका वेतास वासरू लगेच पाजून पाहा आणि वार केव्हा पडते ते स्वतः बघा, एवढेच सांगावे.

या सुधारणेस पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही की कोणाची मंजुरी लागत नाही. वासराच्या गळ्यातील दोरी काही तास आधी सोडावी लागते, इतकेच.