भाचीला कुठं ठेवलंस?

2020 सालची दिवाळी 14 नोव्हेंबरला होती. इकडे न्यू जर्सीत सकाळ, तिकडे दिवेलागण झालेली. सुरतला लिंबायतमध्ये राहणाऱ्या मामेभावाला व्हिडिओ कॉल लावला, तर गडी अमळनेर तालुक्यातल्या गावी, अंगणात खाटेवर बसलेला. मागे त्याची दोन्ही पोरं लवंगी माळ सोडवून एकेक फटाका उडवत होती. वहिनी दारात रांगोळी घालत होती. मी सगळ्यांना हात केला आणि विचारलं, "आणि ती कुठाय?"

"ती सुरतलाच आहे ताई. शेजारच्या मावशींकडे ठेवली. तिचे कागद वेगळे असतात ना."

ती म्हणजे त्याची भाची. आईबाप दोघंही महामारीच्या आधीच गेलेले. मामाने घरी आणली आणि गुजरात सरकारच्या पालक माता-पिता योजनेत तिचं नाव घातलं. महिन्याला 3000 रुपये येतात. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत जाते. मामा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. लूमवर बारा तासांची पाळी करून घरात तिसरं मूल वाढवणाऱ्याला इथं बसून नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण त्या दिवाळीला त्याचं चुकलं. आणि ही चूक त्याच्या एकट्याची नाही, म्हणून हा लेख.

आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांना सुरत म्हणजे हिरे, साड्या आणि लोचो एवढंच ठाऊक असतं. पण लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडची एवढी माणसं आहेत की भाजीवाल्याशी अहिराणीत घासाघीस करता येते. दिवाळीला कारखाने बंद होतात. त्याला तिकडे 'वेकेशन' म्हणतात, आणि वेकेशन लागलं की अख्ख्या गल्ल्या रिकाम्या होऊन खान्देशाकडे निघतात. तिथं सुट्टी म्हणजे गाव. त्यामुळे गावी न नेलेल्या मुलाला नुसती सुट्टी चुकल्यासारखं वाटत नाही. आपण या घरातले नाही, हे त्याला त्या दिवशी कळतं.

भावाने कारणं सांगितली. भाड्याच्या गाडीत जागा नव्हती. नवापूरच्या नाक्यावर कुणी अडवलं, हिचे आईबाप कोण विचारलं, तर काय दाखवायचं? गावी आजी सत्तरीची, एक माणूस कमी गेलेलं बरं. आणि शेवटी खरं कारण: "आपल्या पोराला काही झालं तर आपण आणि आपलं नशीब. हिला काही झालं तर लोक म्हणतील, सरकारचे पैसे घेतले आणि पोरगी मारली."

यातलं आजीचं कारण खरं होतं. साथीत म्हाताऱ्या माणसाच्या घरी गर्दी करू नये, हे मलाही मान्य. पण मग गाडीतून गेलेल्या चार जणांपैकी दोन पोरं सख्खी नातवंडं होती. आजीला त्यांच्यापासून धोका कमी आणि नातीपासून जास्त, असं कुठलं वैद्यकशास्त्र सांगतं? आजीची एवढी काळजी होती तर कुणीच जायचं नव्हतं. धोका मोजायचा तर सगळ्या मुलांना एकाच मापाने मोजा. ठेवून घेतलेल्या मुलासाठी वेगळी ताकडी काढली की आरोग्य हा बहाणा होतो.

कागदांचं म्हणाल तर भावाकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळं होतं: आईबापांच्या मृत्यूचे दाखले, आधार, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला, योजनेचा मंजुरी हुकूम. वडील किंवा आई आपल्या पोरांना घेऊन निघतात तेव्हा यातलं काहीही बरोबर नसतं. एवढे कागद असलेलं ते घरातलं एकमेव मूल होतं. महाराष्ट्र सरकारने गुजरातहून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट सक्तीचा केला तो 25 नोव्हेंबरपासून. भाऊ निघाला तेव्हा नाक्यावर तेही नव्हतं. अडचण नाक्यावर नव्हती, मनात होती.

तरीही मुलाच्या वाटेत कागद येतो हे मी नाकारत नाही. बाल न्याय अधिनियम 2015 मधल्या कलम 44 खाली परक्या कुटुंबात दिलेलं मूल बाल कल्याण समितीच्या नजरेखाली असतं, आणि ते असायलाच हवं. अशा मुलाला राज्याबाहेर नेताना समितीला आधी विचारावं, जाण्यायेण्याचा पत्ता आणि फोन नंबर देऊन ठेवावा. महामारीत हे अवघड होतं का? 3 एप्रिल 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने बालगृहांतल्या मुलांबाबत आदेश दिला, त्यात समित्यांनी घरी पाठवलेल्या मुलांची चौकशी फोनवरून करत राहावी असंही होतं. जिथं न्यायालयच फोन चालेल म्हणत होतं, तिथं आपण एक फोन केला नाही.

इथल्या वाचकांपैकी कुणी मान हलवून 'इंडियात असंच चालतं' म्हणत असेल, तर थांबा. अमेरिकेत फॉस्टर केअरमधल्या मुलाला राज्याबाहेर नेण्याआधी साधारणपणे परवानगी घ्यावी लागते, आणि त्याला दुसऱ्या कुटुंबात चार दिवस ठेवून देण्याची सोयही आहे. तिला 'रेस्पाइट' असं गोड नाव आहे. थकलेल्या पालकांना विसावा मिळावा म्हणून ती सोय योग्यच आहे, पण सख्ख्या पोरांना घेऊन फ्लोरिडाला जाताना तिचा वापर झाला की लिंबायतची मावशी आणि न्यू जर्सीची रेस्पाइट यांत फरक उरत नाही. 2014 च्या संघीय कायद्याने फॉस्टर पालकांना मुलाच्या रोजच्या गोष्टींत, सहली, मित्राकडे रात्र काढणं यांत, समंजस आईबापांसारखा निर्णय घेण्याची मुभा दिली. ती मुभा द्यायला कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

मुलांना एकाच मापाने मोजण्याबद्दलचं माझं मत 1994 पासूनचं आहे. त्या सप्टेंबरात गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले नसतील, सुरतेत प्लेगची बातमी फुटली. दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं आणि शहर पळत सुटलं. सुरतेतल्या आमच्या घरी तेव्हा आतेभाऊ राहायचा. आत्या गेलेली, त्याचे वडील कुठं तरी कामाला. उधना स्टेशनवर डब्याच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. वडलांनी आधी त्याला खिडकीतून आत ढकललं, मग मला. आई शेवटी. नवापूर स्टेशनच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते, तिथं गाडी थांबली तेव्हा तो माझ्या मांडीवर झोपलेला. साथीच्या शहरातून असं पळणं चूक होतं, आम्ही बरोबर रोग नेला असता तर गावाला काय तोंड दाखवलं असतं? पण जी चूक केली ती सगळ्यांना घेऊन केली. आज तो नाशिकला असतो. माझ्या वडलांच्या दहाव्याला त्याने मुंडण केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 च्या मे-जूनमध्ये, अनाथ झालेल्या मुलांसाठी योजना भराभर आल्या. पीएम केअर्समधून तेविसाव्या वर्षी 10 लाख, गुजरातेत मुख्यमंत्री बाल सेवा योजनेतून महिना 4000, महाराष्ट्रात दोन्ही पालक गमावलेल्यांच्या नावे 5 लाखांची ठेव. चांगलं झालं. आपल्या मंडळानेही वर्गणी काढली. पण पैसा मुलाला शाळेपर्यंत नेतो. सणाला गावी न्यायला माणूस लागतो आणि ते कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.

त्या 2020 च्या दिवाळीहून भाऊ परतला 22 नोव्हेंबरला. आदल्या दिवसापासून सुरतेत रात्रीची संचारबंदी लागली होती. मावशींनी नंतर मला फोनवर सांगितलं की पोरगी काही बोलली नाही, मागितलं काही नाही, जेवली व्यवस्थित. फक्त दोन फ्रॉक आणि कंगवा घातलेली पिशवी तिने शेवटपर्यंत दाराजवळून हलवू दिली नाही. निघायच्या सकाळी तिने विचारलं होतं, "मामा, मी बी येसू ना?" मामा म्हणाला होता, "पुढच्या फेरीला."

पुढची फेरी म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. खान्देशात दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. 2021 ची आखाजी 14 मेला आली. सुरत तेव्हा दुसऱ्या लाटेत होरपळत होती. मी भावाला सांगितलं, कुणीही हलू नका. कुणीही हलला नाही. घागर लिंबायतच्या गॅलरीतच भरली, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे ठेवले. खरबूज भाचीने ठेवलं, तिच्या आईच्या नावाने. वहिनीने फोटो पाठवला. त्यात ती हसत नाहीये, पण दोन्ही पोरांच्या मध्ये उभी आहे. गावाला न जाताही काय साधता येतं ते त्या फोटोत दिसतं. गेलात तर सगळे जा, राहिलात तर सगळे राहा. मी एवढंच म्हणते आहे.

डिसेंबरात आपल्यापैकी कितीतरी जण घरी जातील. कुणाच्या चुलत्याकडे, कुणाच्या मावशीकडे असं एखादं मूल ठेवलेलं असेल. त्याच्यासाठी चॉकलेटं आणि बूट न्या, मीही नेते. पण त्या घरी फोन कराल तेव्हा त्याच्या मार्कांच्या आधी एक विचारा: गेल्या दिवाळीला ते कुठं होतं? आणि उत्तर 'शेजारी' असं आलं, तर पुढच्या फेरीच्या गाडीभाड्यात त्याची सीट धरून पैसे पाठवा.