यादीत नसलेली माणसं

सीरियाच्या युद्धात पहिल्या दहा वर्षांत किती सामान्य नागरिक मारले गेले? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने जून २०२२ मध्ये आकडा दिला : ३,०६,८८७. यातल्या १,४३,३५० जणांची नोंद सापडते. उरलेला १,६३,५३७ हा संख्याशास्त्राने काढलेला अंदाज आहे. माझे एक सहकारी म्हणाले, "सर, म्हणजे निम्म्याहून जास्त मेलेले कॉम्प्युटरनेच तयार केले की!" शंका रास्त आहे, पण तसं नाही.

वेगवेगळ्या संस्थांच्या याद्या आधी जुळवाव्या लागतात, नाहीतर एकच माणूस तीनदा मोजला जातो. उर्दूच्या मास्तराला ही अडचण समजावावी लागत नाही. आमच्याकडच्या दाखल्यांवर मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मोहंमद सगळे भेटतात. शेख कुठे आधी, कुठे शेवटी. सीरियाच्या याद्या २०१३ आणि २०१४ मध्ये 'ह्युमन राइट्स डेटा ॲनॅलिसिस ग्रुप' या संस्थेने जुळवल्या. अरबी जाणणाऱ्या माणसांनी नोंदींच्या जोड्या वाचून 'हा तोच' की 'हा दुसरा' ते ठरवलं, आणि त्या निर्णयांवरून यंत्र शिकलं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

मग याद्यांमध्ये तीच ती नावं किती येतात ते पाहतात. बरीच येत असतील, तर बाहेर राहिलेले थोडे. क्वचितच येत असतील, तर कुणाच्याच यादीत नसलेले पुष्कळ. अंदाज निघतो तो यावरून.

नुसत्या नोंदी यंत्राला दिल्या, तर जिथे फोन चालतो आणि कार्यकर्ता पोहोचतो तिथलंच मरण दिसतं. वेढा पडलेलं, नेटवर्क तोडलेलं गाव पडद्यावर शांत दिसतं. अशा नकाशावरून कुणी मदत कुठे पाठवायची ते ठरवू लागला, तर सगळ्यात मोठा मार खाल्लेलं गावच वगळलं जाईल.

हल्ली पीडितांच्या जबान्या मोफत चॅटबॉटमध्ये टाकून सारांश मागायचा मोह होतो. वेळ वाचतो, कबूल. पण त्या जबानीत मेलेल्या भावाबरोबर खबर देणाऱ्या बहिणीचंही नाव असतं, मोहल्ला असतो. ती अजून तिथेच राहते, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.