धर्म बदलला, जमीन परतली नाही

६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राज्याभिषेकप्रसंगी तिसऱ्या चार्ल्सने प्रॉटेस्टंट धर्म अबाधित राखण्याची शपथ घेतली. आज हा केवळ उपचार वाटला, तरी त्यामागे सोळाव्या शतकातील एका रक्तरंजित धरसोडीचा इतिहास आहे.

आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपची सत्ता झुगारून चर्चचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले. १५४७ मध्ये नऊ वर्षांचा सहावा एडवर्ड गादीवर आला. त्याच्या कारभाऱ्यांनी १५४९ मध्ये लॅटिन उपासनेऐवजी इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सक्तीचा करताच डेव्हन व कॉर्नवॉलमधील प्रजा बंड करून उठली. १५५३ मध्ये राज्यावर आलेल्या मेरीने देश पुन्हा रोमच्या अधीन केला आणि सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळले. १५५९ मध्ये एलिझाबेथने हे चक्र पुनश्च उलटे फिरविले. अवघ्या पंचवीस वर्षांत कालची भक्ती आज पाखंड ठरत होती.

या उलथापालथीत एकच गोष्ट उलटली नाही. हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात सुमारे ८०० मठ मोडून त्यांच्या जमिनी सरकारजमा केल्या आणि युद्धखर्चासाठी त्यांतील पुष्कळशा विकून टाकल्या. खरेदीदारांत दोन्ही पंथांचे दरबारी व जमीनदार होते. म्हणूनच मेरीच्या पार्लमेंटने पोपची सत्ता मान्य केली ती या जमिनी विद्यमान धारकांकडेच राहतील, अशी हमी मिळवूनच! श्रद्धेबाबत तडजोड होऊ शकली, मालमत्तेबाबत नाही.

या व्यवहाराचा भुर्दंड कोणी सोसला? मठ गेले, तसा गरिबांचा दानाचा एक आधार गेला. युद्धापायी नाण्यांत तांबे मिसळले गेले, पूर्वी ९२.५ टक्के असलेली चांदी १५४६ पर्यंत एक तृतीयांशावर आली आणि वाढत्या महागाईने मजुराची मिळकत पोखरली. चितेवर गेलेल्यांतही विणकर, मजूर अशी सामान्य माणसे बरीच होती.

एलिझाबेथच्या ४४ वर्षांच्या राजवटीने स्थैर्य दिले, हे खरे. पण चर्चला न जाणाऱ्या कॅथलिकांवर १५८१ पासून दरमहा २० पौंड दंड बसविणारी ती राजवट सहिष्णु नव्हती. ते स्थैर्य दीर्घ कारकिर्दीचे आणि नव्या जमीनदारांच्या हितसंबंधांचे फळ होते.

तात्पर्य, शासनसंस्था प्रजेची श्रद्धा ठरवू लागते, तेव्हा घोषणा धर्माच्या होतात आणि हस्तांतर मालमत्तेचे होते. त्या घोषणांइतकाच हिशेबही तपासणे, हे सुजाण नागरिकाचे कर्तव्य होय.