जाधवांना सोडवा, बाकीच्यांना लटकवा?

परवा डिंगोऱ्यात चहाच्या टपरीवर फाशीचा विषय निघाला. मोबाईलवर कुठल्याशा अत्याचाराची बातमी होती. सगळ्यांचं एकच, "लटकवा सरळ, खटला कशाला?" मी म्हटलं, आणि कुलभूषण जाधव? तर तीच मंडळी म्हणाली, "त्यांचा खटला तरी धड झाला का?"

हेच तर म्हणतोय मी, भावांनो.

१० एप्रिल २०१७ ला पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने आपल्या या मराठी माणसाला, नौदलाच्या माजी अधिकाऱ्याला फाशी सुनावली. आपल्या वकिलातीला एकदाही भेटू दिलं नव्हतं. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. हरीश साळवेंनी एक रुपया फी घेतली हे सगळ्यांना पाठ आहे, निकाल मात्र फार कुणी वाचला नाही. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी न्यायालय म्हणालं, व्हिएन्ना कराराचं कलम ३६ मोडलंय, शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी नाही. सुटका करा असं म्हटलं नाही. फाशी ही शिक्षाच चूक, असंही नाही.

आणि ते आपण म्हणणार तरी कुठल्या तोंडाने? २००७ साली युनोच्या आमसभेत फाशी थांबवायचा ठराव आला. १०४ देश बाजूने, ५४ विरोधात. आपण त्या ५४ मध्ये. तो ठराव पुन्हा पुन्हा येतो, आपण विरोधातच.

आता पोर्तुगाल बघा. अबू सालेमला २००५ साली आपल्या ताब्यात दिलं ते हमी घेऊनच. फाशी नाही, २५ वर्षांवर कैद नाही. मुंबई स्फोटांत २५७ माणसं गेली, राग मलाही येतो. पण २०२२ ला आपल्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं, दिलेला शब्द पाळावा लागेल. एवढासा देश, पण त्याचं ऐकावं लागलं, कारण त्यांच्या स्वतःच्या घरात फाशी नाही. माणूस कुणाचाही असो, त्यांचं म्हणणं तेच. आपलं पासपोर्ट बघून बदलतं.

(मला "कसाबचा वकील" म्हणायला टपलेल्यांनो, कसाबलाही या देशाने वकील दिला होता. मला त्याचा अभिमानच आहे.)

माझं मागणं मोठं नाही. युनोत पुढचं मतदान येईल तेव्हा निदान तटस्थ तरी राहा. डिसेंबर २०१७ मध्ये जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला गेल्या, तेव्हा मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावून काचेआडून भेट दिली. टपरीवर हे सांगितलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. चहा तसाच गार झाला.