औषध लागूं पडत नाहीं तेव्हां

गेल्या महिन्यांत शेजारच्या वाड्यांतून मला मुद्दाम बोलावणें आलें. विषय नऊ वर्षांच्या नातवाचा होता. मुलगा बुद्धीनें चांगला. परंतु एका जागीं पांच मिनिटें बसणें नाहीं, आरंभिलेलें काम शेवटास नेणें नाहीं. डॉक्टरांनीं अवधान-न्यूनतेचा विकार निश्चित केला, तीन महिने गोळ्या चालल्या, आणि गुण कांहीं येईना. आजीबाईंच्या मतें दृष्ट, काकांच्या मतें लाड. दोन्ही मतांचा रोख अखेर सूनबाईंवरच. ‘गुरुजी, आतां काय राहिलें?’ असें तिनें विचारिलें तेव्हां मला उत्तर सुचेना. अशाच एका मुलास मीं नोकरीच्या आरंभीं आठवडाभर वर्गाबाहेर उभें केलें होतें. तो पुढें शाळेंतच आला नाहीं.

औषध लागूं न पडणें ही आजची गोष्ट नव्हे. ज्या १९३७ सालीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरून हातांच्या कामांतून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला, त्याच सालीं अमेरिकेंत ईस्ट प्रॉव्हिडन्स येथील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनीं ३० मुलांस बेंझेड्रिन देऊन आलेला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकीं १४ मुलांची अभ्यासांतील प्रगति डोळ्यांत भरण्याजोगी होती. लोक १४ चा आंकडा लक्षांत ठेवितात. माझ्या मनांत उरलेल्या १६ मुलांच्या आया येतात.

गुण न येण्याचीं कांहीं कारणें तर घरांतच सांपडतात. मेथिलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशीं दिसतो व कांहीं तासांनीं ओसरतो. ॲटोमॉक्सेटीनला मात्र पूर्ण गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात, व तें नित्य घ्यावें लागतें. येथें हें दुसरें चाललें होतें. चौकशी करितां कळलें कीं, आजीबाई रविवारीं व एकादशीस ‘पोराच्या पोटास विश्रांति’ म्हणून गोळी चुकवीत. हेतु वाईट नव्हता. शिवाय रात्रीं अकरापर्यंत माजघरांत टीव्ही चालू. अपुऱ्या झोंपेचें मूल कोणत्या गोळीनें स्थिर व्हावें? मात्रा कमी पडणें, कानाडोळ्यांचा दोष, थायरॉइडचा विकार, मनांतली धास्ती, हें सारें डॉक्टरांनीं पाहावयाचें असतें. एक औषध न चाललें तरी दुसरें चालूं शकतें. मात्र मात्रा वाढविणें वा औषध बंद करणें आपण घरीं ठरवूं नये.

खरा उलगडा निराळाच झाला. मीं त्याच्यापुढें चौथीचें पुस्तक उघडलें. जोडाक्षर आलें कीं तो अंदाज करी. ‘प’ आणि ‘ष’ यांत घोटाळा. गोळीनें मूल पुस्तकासमोर बसेलहि. न येणारीं अक्षरें तें कोठून वाचणार? पुन्हां डॉक्टरांकडे नेल्यावर रीतसर तपासणी झाली आणि वाचनाची अध्ययन-अक्षमता निघाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत तिचा समावेश आहे. त्यामुळें प्रमाणपत्र मिळवून शाळेकडे सवलत मागतां येते. काकांनीं तो अर्ज स्वतः लिहिला, हें मी मुद्दाम नमूद करितों.

आतां गोळी रोज चालते, टीव्ही नऊला बंद होतो, आणि सूनबाई रोज पंधरा मिनिटें त्याजकडून अक्षरें वाळूंत गिरवून घेतात. परवां संध्याकाळीं ओट्यावर तो मला ‘सेवाग्राम’ हा शब्द वाचून दाखवीत होता. ‘ग्रा’पाशीं अडला, उठून पेरूच्या झाडाला एक फेरी मारून आला, आणि मग वाचला.