'नाळ' नव्हे, परवाना

परदेशस्थ मराठी लेखनावरील विद्यार्थ्यांचे निबंध आम्ही बरीच वर्षे तपासत आहोत. परीक्षकाने उघड करू नये अशी एक गोष्ट सांगतो: पहिले पान वाचले की शेवटचे पान कळते. 'मुळांपासून तुटणे', 'नाळ', 'दोन संस्कृतींमधील हेलकावे', 'स्मृतींचा प्रदेश' ही शब्दावली ठरलेली असते. त्यात आढळत नाही तो एकच शब्द, परवाना. ज्या कागदाच्या आधारावर माणूस परक्या देशात राहतो, जो ठरलेल्या तारखेला संपतो आणि ज्याच्या अटी तेथे पोचल्यावरही बदलत राहतात, त्या कागदाची ओळख न करून देता 'डायस्पोरा' हा विषय सुखाने शिकवला जातो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. तो आमचा, मराठी शिकवणाऱ्यांचा आहे.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. मराठी वाचकाच्या मनातले इंग्लंड अजूनही पुष्कळसे 'अपूर्वाई'चे, म्हणजे प्रवाशाचे इंग्लंड आहे. प्रवासी परत येतो. राहणाऱ्याचे तसे नाही. ६ एप्रिल २०१५ पासून तेथे सहा महिन्यांहून अधिक काळ राहू इच्छिणाऱ्या, युरोपाबाहेरून येणाऱ्या परकीयाला व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागू लागला. आरंभी तो वर्षाला २०० पौंड होता, विद्यार्थ्यांना १५०. जानेवारी २०१९ मध्ये तो दुप्पट झाला, ऑक्टोबर २०२० मध्ये ६२४ पौंडांवर गेला आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून १०३५ झाला. विद्यार्थी व अठरा वर्षांखालील मुले यांना ७७६. नऊ वर्षांत पाचपटीहून अधिक! शिवाय ही रक्कम वर्षावर्षाने नव्हे, तर परवान्याच्या संपूर्ण मुदतीसाठी आगाऊ द्यायची. नवरा, बायको आणि दोन मुले पाच वर्षांसाठी निघाली तर विमानात बसण्यापूर्वी १८,११० पौंड. व्हिसाचे शुल्क वेगळेच.

यावर कोणी म्हणेल, पाहुण्याने आपल्या औषधपाण्याचा खर्च उचलला तर बिघडले कोठे? बिघडले असे की हा पाहुणा नोकरीला लागताच प्राप्तिकरही भरतो आणि नॅशनल इन्शुरन्सची वर्गणीही. एकाच दवाखान्याचे दार तो दोनदा विकत घेतो. एप्रिल २०२० मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन करोनामुळे अतिदक्षता विभागात होते. बरे झाल्यावर त्यांनी न्यूझीलंड व पोर्तुगालमधून आलेल्या दोघा परिचारकांचे जाहीर आभार मानले. मे महिन्यात त्याच पंतप्रधानांनी परदेशी आरोग्यसेवकांवरील या अधिभाराचे संसदेत समर्थन केले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना माघार घ्यावी लागली. आरोग्यसेवक सुटले. इतरांसाठी दर त्याच वर्षी वाढला.

आणि मुदतीचे काय? पाच वर्षे काढली की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, या हिशेबावर कित्येकांनी घरे मांडली. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने पाचाऐवजी दहा वर्षे हा सर्वसाधारण नियम करण्याचा प्रस्ताव मांडला. चौथ्या वर्षात असलेल्या माणसाने ती बातमी वाचली त्या रात्रीला आपण 'अस्तित्वगत उखडलेपण' म्हणणार काय? त्याला कोणी तत्त्वज्ञाने उखडलेले नाही.

आता आखात. रत्नागिरी-रायगडच्या अनेक घरांत 'इकामा', 'कफील', 'मेडिकल' हे शब्द दूध-भाकरीइतके रुळलेले आहेत. 'मेडिकल'मध्ये अनफिट ठरणे म्हणजे काय, हे तेथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परकीय कामगाराच्या प्रत्येक कुटुंबीयावर महिना १०० रियाल शुल्क बसवले, आणि ते दरवर्षी शंभराने वाढवीत २०२० मध्ये ४०० वर नेले. बायको आणि दोन मुले सोबत असणाऱ्याला महिना १२०० रियाल, तेही केवळ ती सोबत आहेत म्हणून. अनेकांनी बायकामुले मायदेशी पाठवून दिली. विरहाची कविता शिकवताना आम्ही मेघ शिकवतो, चंद्र शिकवतो. हे शुल्क कधी शिकवलेले नाही.

संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२५ पासून, अबू धाबी आणि दुबईखेरीजच्या अमिरातींतही, खासगी नोकरांसाठी व घरकामगारांसाठी आरोग्यविमा सक्तीचा झाला. तो नसेल तर वास्तव्याचा परवाना मिळत नाही की त्याचे नूतनीकरण होत नाही. मूळ योजनेचा हप्ता वर्षाला ३२० दिरहम आहे आणि तो मालकाने भरायचा. हा बदल कामगाराच्या हिताचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विमा परवान्याला बांधलेला आणि परवाना नोकरीला. नोकरी गेली की आजारी पडण्याचा हक्कही गेला.

याच दुबईतला युरोपीय अभियंता 'एक्सपॅट' म्हणवला जातो आणि नळ जोडणारा 'लेबर'. आपण इंग्रजीला हसू नये. आपल्याकडे न्यू जर्सीचा तो 'परदेशस्थ मराठी माणूस', आणि कुवेतला गेलेला नुसता 'आखातात असतो'. पहिल्याच्या आठवणींना दिवाळी अंकात जागा असते. दुसऱ्याच्या घरी पत्रांची पेटी असेल, ध्वनिफितीही असतील; त्या कोणी विचारलेल्या नाहीत.

'साहित्य म्हणजे राजपत्र नव्हे' हा आक्षेप आमच्या सहकाऱ्यांकडून आम्ही ऐकलेला आहे. मान्य. पण सातबारा आणि सावकाराची वही मराठी कथेत आली तेव्हाही नाके मुरडली गेली होती. तो तलाठ्याचा कागद होता. शेतकऱ्याचे दुःख मात्र त्या कागदावाचून कळत नव्हते, आणि आज ग्रामीण साहित्य शिकवताना सातबारा समजावून सांगितल्याखेरीज आमचा तास पुरा होत नाही. मग इकाम्यालाच आमच्या वर्गाचे दार बंद का?

येत्या सत्रात या विषयावर निबंध घेऊन येणाऱ्याला आम्ही नाळेविषयी विचारणार नाही. नायकाचा परवाना कधी संपतो, आणि तोवर तो आजारी पडला तर पैसे कोण भरतो, एवढेच विचारू.